एनटीएमचा फुफ्फुससंसर्ग: औषधं आत्ता सुरू करायची की लक्ष ठेवून थांबायचं?

थुंकीच्या कल्चरमध्ये जंतू वाढले, पण ते क्षयाचे नाहीत, असा रिपोर्ट आला की दोन टोकाच्या प्रतिक्रिया उमटतात. कुणी म्हणतं, ‘टीबी नाही ना, मग सुटलो.’ कुणी म्हणतं, ‘जंतू सापडलेत ना, मग आजपासूनच औषध चालू करा.’ दोन्हींत घाई आहे. क्षय न करणाऱ्या मायकोबॅक्टेरियांचा, म्हणजेच एनटीएमचा, फुफ्फुसातला संसर्ग बहुतेकांत वर्षानुवर्षं सावकाश सरकतो. काहींत तो जागच्या जागी राहतो, काहींत मात्र फुफ्फुस पोखरत जातो. उपचारही लांबलचक असतो: एकावेळी तीन किंवा चार अँटिबायोटिक्स, साधारण दीड वर्ष.

अमेरिका आणि युरोपातल्या चार वैद्यकीय संघटनांनी २०२० साली मिळून काढलेल्या मार्गदर्शक सूचनांचा कल निदान पक्कं झालेल्यांना उपचार देण्याकडे आहे. फुफ्फुसात पोकळी असेल किंवा थुंकीच्या स्मिअरमध्येच (काचपट्टीवर थुंकी पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, त्यात) जंतू दिसत असतील, तर विशेषच. पण ही शिफारस सशर्त आहे आणि तिच्यामागचा पुरावा अगदी कमी खात्रीचा आहे, हेही त्याच सूचनांत लिहिलंय. म्हणून ‘निदान झालं’ आणि ‘औषध सुरू करायचं’ हे दोन वेगळे निर्णय समजावेत. पहिला प्रयोगशाळेच्या आधाराने होतो. दुसऱ्यात रोगाचा वेग, रुग्णाची ताकद आणि औषधांचा त्रास एकमेकांसमोर ठेवून बघावा लागतो.

पुढच्या पायऱ्या डॉक्टरांच्या जागी वापरायच्या नाहीत. त्यांच्यासमोर बसताना कोणती माहिती हातात हवी आणि काय विचारायचं, हे कळावं म्हणून त्या आहेत.

पहिली पायरी: निदान खरंच पक्कं आहे का

हे जंतू मातीत आणि पाण्यात सर्वत्र असतात. नळात असतात, शॉवरच्या जाळीत असतात. त्यामुळे एखाद्या नमुन्यात ते सापडले म्हणजे आजार झालाच असं नाही. फुफ्फुसाचा एनटीएम आजार म्हणायला तीन बाजू जुळाव्या लागतात. पहिली, खोकला, थकवा, वजन घटणं, थुंकीतून रक्त अशी लक्षणं. दुसरी, एक्स-रे किंवा सीटीवर गाठी, पोकळ्या किंवा रुंदावलेल्या श्वासनलिकांसोबत बारीक ठिपके. तिसरी बाजू जंतूंची: खोकून काढलेल्या थुंकीचे किमान दोन वेगवेगळे नमुने पॉझिटिव्ह हवेत आणि दोन्हींत एकच प्रजात हवी. ब्रॉन्कोस्कोपीतून (दुर्बिणीची नळी श्वासनलिकेत घालून) घेतलेला धुवणीचा एक नमुना पॉझिटिव्ह आला तरी चालतो. बायोप्सीत अशा जंतूंमुळे होतो तसा दाह आणि जंतू सापडले, तर तेही धरतात. याशिवाय हीच लक्षणं आणि हेच फोटो देणारे क्षय, बुरशी, कर्करोग यांसारखे इतर आजार बाजूला काढलेले असावे लागतात.

क्षय बाजूला काढणं ही औपचारिकता नाही. एनटीएमच्या औषधांत रिफाम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल असतात, आणि हीच औषधं क्षयाचीही आहेत. आत क्षय लपलेला असताना हे अपुरं मिश्रण सुरू झालं, तर क्षयाचे जंतू औषधांना दाद देईनासे होऊ शकतात. स्मिअरमध्ये जंतू भरपूर दिसतायत आणि क्षयाची जलद जनुकीय चाचणी मात्र निगेटिव्ह आहे, असं झालं की एनटीएमचा संशय बळावतो. उलट बाजूने, अशा वेळी केवळ स्मिअर पाहून क्षयाची औषधं सुरू होतात, महिनोन्‌महिने चालतात, आणि गुण येत नाही. हे घडतं, म्हणून कल्चर आणि प्रजातीची ओळख यांचा आग्रह धरावा.

नमुना देण्यातच निम्मा घोळ होतो, म्हणून तेवढं नीट सांगतो. सकाळी उठल्याउठल्या, काही खाण्यापिण्याआधी नमुना घ्या. आधी चूळ भरा, पण उकळून गार केलेल्या पाण्याने. नळाच्या पाण्याने चूळ भरली, तर तुमच्या छातीतला जंतू म्हणून नळातलाच जंतू रिपोर्टवर येऊ शकतो. मग दोन-तीन वेळा खोल श्वास घ्या, प्रत्येक श्वास दोन-तीन सेकंद रोखा, आणि त्यानंतर पोटाचा जोर लावून खोका. डबीत लाळ नको, बेडका हवा. लाळ पातळ, फेसाळ आणि पाण्यासारखी असते. बेडका दाट आणि चिकट असतो, रंगाने पांढरा, पिवळट किंवा हिरवट. चमचाभर, म्हणजे साधारण ५ मिलिलीटर, पुरे. झाकण घट्ट लावून नमुना लगेच पोहोचवा. उशीर होणार असेल तर बंद पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही, आणि २४ तासांच्या आत लॅबमध्ये द्या. असे तीन नमुने वेगवेगळ्या दिवशी घ्यायचे असतात, आणि त्यांत निदान आठवडाभराचं अंतर असलेलं बरं. बेडका निघतच नसेल, तर तीव्र मिठाच्या पाण्याची वाफ देऊन तो काढता येतो. तेही जमलं नाही, तर ब्रॉन्कोस्कोपी.

फॉर्मवर एएफबी (क्षय आणि एनटीएम ज्या गटात येतात त्या जंतूंची) स्मिअर आणि कल्चर लिहिलेलं आहे ना, हे तपासा. साध्या जिवाणूंचं कल्चर ही वेगळी तपासणी असते आणि ती सोबतच करून घ्यावी. त्याचं कारण चौथ्या पायरीत येईल. एएफबी कल्चरला द्रव माध्यमात सहा आठवड्यांपर्यंत वेळ लागतो, घन माध्यमात आठ. तिसऱ्या आठवड्यात ‘अजून काही वाढलं नाही’ असं कळलं, तर तो निगेटिव्ह रिपोर्ट समजू नये.

दुसरी पायरी: जंतू नेमका कोणता

‘एनटीएम पॉझिटिव्ह’ एवढ्या रिपोर्टवर निर्णय होऊ शकत नाही. प्रजातीचं नाव हवंच, कारण त्या नावावर सगळं पारडं फिरतं.

सर्वांत जास्त आढळतो तो मायकोबॅक्टेरियम एव्हियम कॉम्प्लेक्स, म्हणजे मॅक. हा लेख मुख्यतः त्याच्याबद्दल आहे. मायकोबॅक्टेरियम गॉर्डोनी आला, तर तो जवळजवळ नेहमी पाण्यातून आलेला पाहुणा असतो. निरोगी माणसात त्यासाठी औषध सुरू करण्याआधी दहा वेळा विचार करावा. कॅन्सासी सापडला तर उलट: तो क्षयासारखाच वागतो, पोकळ्या पाडतो, आणि औषधांना चांगली दाद देतो. तिथे थांबून पाहण्याचं फारसं कारण उरत नाही. उपचार किमान १२ महिन्यांचा असतो. फॉर्च्युइटम आला की अन्न श्वासनलिकेत जाणं किंवा आम्लपित्त वर चढणं यांचा शोध आधी घ्यावा.

ॲबसेससचं प्रकरण निराळं आहे. त्याच्या तीन उपप्रजाती आहेत: ॲबसेसस, बोलेटी आणि मॅसिलिएन्स. पहिल्या दोघांत बहुधा एक जनुक चालू असतं, ज्यामुळे अझिथ्रोमायसिनसारखी मॅक्रोलाइड औषधं सुरुवातीला चालल्यासारखी वाटतात आणि काही दिवसांत निकामी होतात. म्हणून या जंतूवर मॅक्रोलाइडची चाचणी तीन-पाच दिवसांत आटोपायची नसते, १४ दिवसांपर्यंत वाचायची असते. मॅसिलिएन्समध्ये ते जनुक मोडकं असतं, त्यामुळे मॅक्रोलाइड खरोखर काम करतं आणि बरं होण्याची शक्यताही बरीच वाढते. तुमच्या रिपोर्टवर नुसतं ‘ॲबसेसस’ असेल, तर उपप्रजात आणि १४ दिवसांचा निकाल मागा. त्याशिवाय शिरेतून द्यायच्या औषधांचे कित्येक आठवडे पदरात घेऊ नयेत.

मॅकसाठी लॅबकडून दोनच औषधांची संवेदनशीलता, म्हणजे औषध या जंतूवर चालतं का, हे महत्त्वाचं: क्लॅरिथ्रोमायसिन आणि अमिकासिन. अझिथ्रोमायसिनचा अंदाज क्लॅरिथ्रोमायसिनवरूनच येतो. क्लॅरिथ्रोमायसिनचा आकडा ८ किंवा कमी असेल तर जंतू संवेदनशील, ३२ किंवा जास्त असेल तर प्रतिरोधी. पुष्कळ रिपोर्टांवर इथॅम्ब्युटॉल आणि रिफाम्पिसिनपुढेही ‘प्रतिरोधी’ छापून येतं आणि घबराट होते. मॅकच्या बाबतीत त्या दोन आकड्यांचा प्रत्यक्ष गुणाशी मेळ बसत नाही. ते वाचून इथॅम्ब्युटॉल काढून टाकणं ही मोठी चूक ठरते, कारण मॅक्रोलाइडला प्रतिरोधापासून वाचवण्याचं मुख्य काम तेच करतं.

तिसरी पायरी: सीटी आणि स्मिअर काय सांगतात

मॅकचे ठळक दोन चेहरे आहेत. एकात फुफ्फुसाच्या वरच्या भागात पोकळी असते, बहुधा धूम्रपानाने किंवा जुन्या आजाराने आधीच खराब झालेल्या फुफ्फुसात. दुसऱ्यात उजव्या बाजूचा मधला खंड आणि डावीकडचा लिंग्युला हे भाग धरले जातात: श्वासनलिका रुंदावलेल्या आणि आजूबाजूला बारीक ठिपके. सीटीच्या अहवालात त्याला ‘कळ्या फुटलेली फांदी’ अशा अर्थाचा शब्द असतो. हा दुसरा प्रकार मध्यम किंवा उतारवयातल्या, सडपातळ बांध्याच्या, धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांत जास्त दिसतो आणि साधारणतः सावकाश चालतो.

पोकळी असेल तर थांबून पाहण्याची मुभा जवळपास संपते. पोकळीत जंतूंची संख्या प्रचंड असते, औषध तिथे कमी पोहोचतं, आणि आजूबाजूचं फुफ्फुस एकदा गेलं की परत येत नाही. स्मिअर वारंवार पॉझिटिव्ह येणंही जंतूंचा भार जास्त असल्याची खूण आहे. अहवालात ‘पोकळी’ आहे की ‘रुंदावलेल्या नलिका’ आहेत, हे छातीच्या डॉक्टरांकडून फिल्म पाहूनच ठरवून घ्या. लहान पोकळी आणि फुग्यासारखी फुगलेली नलिका आडव्या छेदात हुबेहूब सारख्या दिसू शकतात, आणि या एका शब्दावर पुढचं दीड वर्ष ठरतं.

आधीचा सीटी असेल, तो कितीही जुना असो, शोधून काढा. एका सीटीवरून रोग किती आहे ते कळतं. किती वेगाने सरकतोय, हे कळायला दोन सीटी शेजारी ठेवावे लागतात. निर्णयाला खरी गरज वेगाची असते.

रोगाचं गांभीर्य मोजायला दक्षिण कोरियातल्या रुग्णांवरून एक साधी मोजपट्टी तयार झाली आहे. तिच्यात पाच गोष्टींना एकेक गुण आहे: बीएमआय १८.५ पेक्षा कमी, वय ६५ किंवा जास्त, सीटीत पोकळी, ईएसआर (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेला, आणि पुरुष असणं. शून्य किंवा एक गुण म्हणजे सौम्य, दोन-तीन मध्यम, चार-पाच गंभीर. बीएमआय काढताना किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. १.५८ मीटर उंचीच्या आणि ४५ किलो वजनाच्या व्यक्तीचा बीएमआय १८ येतो, म्हणजे एक गुण. या आकड्याने निर्णय होत नाही, पण बोलणं मुद्द्यावर येतं.

चौथी पायरी: लक्षणं एनटीएमचीच आहेत का

इथे सगळ्यांत जास्त गल्लत होते, आणि इथेच सहा-आठ आठवडे घालवणं बहुतेकांना परवडतं. रुंदावलेल्या श्वासनलिका, म्हणजे ब्रॉन्किएक्टेसिस, हा स्वतःच खोकला आणि बेडका देणारा आजार आहे. त्यात साठलेल्या कफात स्यूडोमोनास, हिमोफिलस असे साधे जिवाणू राहतात. आम्लपित्त वर चढत असेल तर त्याने ढास लागते. सायनसमधून घशात गळणाऱ्या स्रावानेही लागते. यातलं कोणतंही कारण मुख्य असेल, तर एनटीएमची चार औषधं घेऊनही खोकला जागचा हलणार नाही.

म्हणून पोकळी नाही, स्मिअर निगेटिव्ह आहे आणि वजन टिकून आहे, अशांनी आधी कफ काढण्याची शिस्त बसवावी. दिवसातून दोनदा, दर वेळी १५-२० मिनिटं. पद्धत अशी: खुर्चीत टेकून बसा, खांदे सैल सोडा, पोटाने शांत श्वास घ्या, अर्धा-एक मिनिट. मग तीन-चार खोल श्वास, प्रत्येक वेळी छाती भरल्यावर तीन सेकंद रोखून. पुन्हा शांत श्वास. मग तोंड उघडं आणि घसा मोकळा ठेवून ‘हा’ असा जोराचा उच्छ्वास, आरशावर वाफ सोडताना करतो तसा. आधी मध्यम श्वास घेऊन लांब ‘हा’, त्याने खोलवरचा कफ वर येतो. मग पूर्ण श्वास घेऊन छोटा जोरदार ‘हा’, त्याने वर आलेला बाहेर पडतो. पुन्हा शांत श्वास, आणि असं चक्र चार-पाच वेळा. सारखं खोकत राहिल्याने नलिका आक्रसतात आणि माणूस थकतो, म्हणून मधली विश्रांती वगळू नये. फुंकताना थरथर निर्माण करणारं छोटं उपकरण मिळतं, त्याचा उपयोग होतो. छातीच्या फिजिओथेरपिस्टकडून एकदा तरी हे प्रत्यक्ष शिकून घ्यावं.

३ किंवा ७ टक्के मिठाच्या पाण्याचं नेब्युलायझेशन कफ सैल करतं. पण पहिली मात्रा दवाखान्यात घ्यावी, कारण काहींच्या नलिका त्याने आवळतात. बहुधा आधी नलिका रुंद करणाऱ्या औषधाचा फवारा देतात. नेब्युलायझरचे भाग दर वापरानंतर साबणाने धुवावेत, रोज उकळून किंवा वाफेने निर्जंतुक करावेत आणि पूर्ण वाळवावेत. नळाच्या पाण्याने विसळून ओले ठेवले, तर ज्या जंतूंशी भांडतोय तेच आत सोडल्यासारखं होईल.

याच काळात ब्रॉन्किएक्टेसिसचं मूळ शोधणाऱ्या तपासण्या उरकून घ्याव्यात: इम्युनोग्लोब्युलिन (रक्तातली संरक्षक प्रथिनं), ॲस्परजिलस बुरशीच्या प्रतिपिंडांची तपासणी, संशय असेल तर सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजारासाठी घामाची चाचणी. बुरशीचा संसर्ग सोबत असेल तर औषधांची निवडच बदलते, कारण रिफाम्पिसिन बुरशीवरच्या व्होरिकोनॅझोलसारख्या औषधांची रक्तातली पातळी पार खाली आणतं.

पाचवी पायरी: उपचारात नेमकं काय पदरात पडतं

पोकळी नसलेल्या, मॅक्रोलाइडला संवेदनशील मॅकसाठी नेहमीचं मिश्रण आठवड्यातून तीन दिवस घ्यायचं असतं: अझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम, रिफाम्पिसिन ६०० मिलिग्रॅम, आणि इथॅम्ब्युटॉल किलोमागे २५ मिलिग्रॅम. ४८ किलो वजनाला इथॅम्ब्युटॉल १२०० मिलिग्रॅम, म्हणजे ४०० च्या तीन गोळ्या. पोकळी असेल किंवा रोग पसरलेला असेल तर औषधं रोज: अझिथ्रोमायसिन २५० ते ५००, रिफाम्पिसिन ४५० ते ६००, इथॅम्ब्युटॉल किलोमागे १५. शिवाय पहिले दोन-तीन महिने अमिकासिन किंवा स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं. किलोमागे १५ आणि २५ या दोन आकड्यांची अदलाबदल होऊ देऊ नका. २५ चा हिशोब रोजच्या गोळ्यांना लावला, तर डोळ्यांना धोका वाढतो.

मुदत ‘एक वर्ष’ अशी सांगितली जाते आणि तिथे गैरसमज होतो. वर्ष मोजायचं ते कल्चर निगेटिव्ह झाल्यापासून. निदान चार-चार आठवड्यांच्या अंतराने घेतलेली लागोपाठ तीन कल्चर निगेटिव्ह आली, की त्यांतल्या पहिल्याची तारीख धरतात आणि तिथून पुढे १२ महिने. निगेटिव्ह व्हायला चार महिने लागले, तर एकूण सोळा महिने.

त्रास काय होऊ शकतो? इथॅम्ब्युटॉल डोळ्याच्या नसेला इजा करू शकतं. पहिली खूण बहुधा रंग फिके दिसणं, विशेषतः लाल-हिरव्यातला फरक पुसट होणं, किंवा वाचताना मधोमध धूसर वाटणं. असं झालं तर पुढच्या भेटीची वाट पाहू नये. गोळी त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना कळवावं. मूत्रपिंड कमजोर असेल तर हा धोका वाढतो आणि मात्रा बदलावी लागते. रिफाम्पिसिनने लघवी, घाम, अश्रू केशरी होतात, ते निरुपद्रवी. यकृताला इजा मात्र निरुपद्रवी नाही: भूक मरणं, मळमळ, गडद लघवीसोबत डोळे पिवळे होणं यांकडे लक्ष हवं. अझिथ्रोमायसिनने जुलाब होतात, कानात आवाज येतात, ऐकू कमी येऊ शकतं, आणि हृदयाच्या ठोक्यातलं क्यूटी हे ईसीजीवर मोजायचं अंतर लांबतं. अमिकासिन कान आणि मूत्रपिंड दोन्हींवर घाव घालू शकतं, आणि अमिकासिनने गेलेलं ऐकणं बहुधा परत येत नाही.

रिफाम्पिसिनचं दुसऱ्या औषधांशी वाकडं आहे, आणि ही बाब निर्णयाच्या आधी तपासायची आहे. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, गर्भनिरोधक गोळ्या, फिट्सची काही औषधं, मधुमेहाच्या काही गोळ्या, स्टेरॉइड, अवयवप्रत्यारोपणानंतरची औषधं: यांतल्या बऱ्याच जणांचा परिणाम ते कमी करतं. घरातल्या सगळ्या औषधांची, आयुर्वेदिकसुद्धा, यादी करून न्या.

गुण येण्याबद्दल प्रामाणिक अपेक्षा ठेवावी. मॅक्रोलाइडला संवेदनशील मॅकमध्ये बहुसंख्यांची थुंकी निगेटिव्ह होते, सगळ्यांची नाही. बरं झाल्यावर पुन्हा होणंही नवलाचं नाही, कारण जंतू भोवतालातच आहेत आणि रुंदावलेल्या नलिका तशाच राहतात. दुसऱ्या बाजूने, औषध न घेता स्थिर राहिलेल्या मॅकच्या रुग्णांत थुंकी आपोआप निगेटिव्ह झाल्याचंही बऱ्याच प्रमाणात नोंदलं गेलंय.

सहावी पायरी: निर्णय

काही जोड्या स्पष्ट असतात. समजा ६८ वर्षांचे गृहस्थ आहेत, उजव्या वरच्या खंडात ३ सेंटीमीटरची पोकळी, स्मिअर दोनदा पॉझिटिव्ह, सहा महिन्यांत ५ किलो वजन उतरलेलं. इथे तपासण्या उरकेपर्यंतच थांबायचं, म्हणजे दोन-तीन आठवडे. याउलट ५४ वर्षांच्या बाई: मधल्या खंडात थोड्या रुंदावलेल्या नलिका आणि ठिपके, तीनपैकी दोन कल्चरमध्ये मॅक, स्मिअर निगेटिव्ह, वजन वर्षभर तेवढंच, सकाळी थोडा बेडका आणि बाकी दिवस ठीक. निकष पूर्ण आहेत, तरी इथे कफाची शिस्त आणि ठरवून ठेवलेलं लक्ष हा आमच्या मते योग्य पर्याय.

अवघड असतात ते मधले. बीएमआय १८, कल्चर दर वेळी पॉझिटिव्ह, वर्षभरात सीटीतले ठिपके थोडे वाढलेले, पोकळी नाही, आणि एका डोळ्याची नजर आधीच अधू. इथे तीन गोष्टी विचारा. गेल्या वर्षभरातली वाढ आणखी दोन वर्षं याच वेगाने चालली, तर फुफ्फुसाचा किती भाग जाईल? इथॅम्ब्युटॉल नकोच असेल, तर त्याच्या जागी काय, आणि मॅक्रोलाइडचं रक्षण ते तितकंच करेल का? आणि रुग्णाला स्वतःला काय हवंय: पूर्ण बरं होणं, खोकला कमी होणं, की फक्त रोग पुढे न जाणं? कमी वजन आणि सातत्याने वाढणारा सीटी एकत्र आले, तर आमचं पारडं उपचाराकडे झुकतं. अशक्त माणसाला दीड वर्षाची औषधं आज जितकी झेपतील तितकी आणखी ४ किलो घटल्यावर झेपणार नाहीत.

प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील किंवा लवकरच सुरू होणार असतील, तरी पारडं उपचाराकडे जातं. ॲबसेससमध्ये मात्र रोग सौम्य असेल तर थांबण्याला अधिक जागा असते, कारण उपचार जड आणि यश कमी. त्याचा निर्णय या आजाराचा अनुभव असलेल्या केंद्रातच घ्यावा.

एक गोष्ट मधली म्हणून चालत नाही: ‘तूर्त एकटं अझिथ्रोमायसिन घेऊन बघू.’ मॅक्रोलाइड एकटं दिलं की प्रतिरोध तयार होतो, आणि मॅक्रोलाइड हातचं गेलेला मॅक बरा करणं फार कठीण होतं. ब्रॉन्किएक्टेसिसमध्ये खोकला वारंवार उसळू नये म्हणून अझिथ्रोमायसिन एकटंच महिनोन्‌महिने देण्याची पद्धत आहे. ते सुरू करण्याआधी एनटीएम नसल्याची कल्चरने खात्री हवी, आणि एनटीएम सापडल्यावर ते तसंच चालू ठेवणं बंद व्हायला हवं.

थांबायचं ठरलं तर

थांबण्यालाही वेळापत्रक लागतं, नाहीतर ते दुर्लक्ष होतं. दर दोन-तीन महिन्यांनी एएफबी कल्चर. दर आठवड्याला त्याच काट्यावर, त्याच वेळी वजन आणि वहीत नोंद. सहा महिन्यांनी पहिला सीटी, कमी मात्रेचा, आणि स्थिर असेल तर पुढे वर्षाने. निर्णय कशाने बदलेल हे आजच लिहून ठेवा: नवी पोकळी, स्मिअर पॉझिटिव्ह होणं, आहार तोच असताना वजन ५ टक्क्यांनी घटणं, सीटीत ठळक वाढ, थुंकीतून रक्त. कपभर किंवा त्याहून जास्त रक्त पडलं तर ती आणीबाणी समजून थेट रुग्णालय गाठावं.

श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड चालू असेल तर ते खरंच लागतंय का, हे विचारा. त्याने एनटीएमचा धोका वाढतो. दमा असेल तर स्वतःच्या मनाने बंद करू नका. वजन वाढवायला आहारतज्ज्ञाची मदत घ्यावी. हा भाग औषधाइतकाच मोलाचा आहे आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित. घरच्यांना लागण होईल का, याची चिंता नको. एनटीएम माणसाकडून माणसाला पसरत नाही असंच धरतात. ॲबसेससबाबत सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांमध्ये तशी शंका आहे, तेवढाच अपवाद.

सुरू करायचं ठरलं तर

पहिल्या गोळीआधी या गोष्टी हातात हव्यात: ताजी दोन-तीन कल्चर, ताजा सीटी, यकृत आणि मूत्रपिंडाच्या रक्ततपासण्या, रक्तपेशी, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी, ईसीजी, नेत्रतज्ज्ञाकडून दृष्टी आणि रंगज्ञानाची नोंद, अमिकासिन द्यायचं असेल तर कानाचा ऑडिओग्राम. मूळ नोंदच नसेल, तर चार महिन्यांनी ‘नजर कमी झाली का’ याचं उत्तर कुणालाच देता येत नाही.

सगळी औषधं एकदम सुरू केली आणि मळमळ झाली, तर दोषी कोण हे कळत नाही. म्हणून पुष्कळ डॉक्टर आठवडा-दोन आठवड्यांत एकेक करून वाढवतात. त्यात अझिथ्रोमायसिन एकटं राहणार नाही असा क्रम लावतात, म्हणजे इथॅम्ब्युटॉल आधी. रिफाम्पिसिन रिकाम्या पोटी, जेवणाआधी एक तास किंवा नंतर दोन तासांनी. अझिथ्रोमायसिनसोबत ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं ॲन्टासिड नको. तीन दिवसांच्या पद्धतीत वार पक्के करा, सोमवार-बुधवार-शुक्रवार असे. डोळ्यांची घरगुती चाचणी दर आठवड्याला: एक डोळा झाकून तेच बारीक छापलेलं पान त्याच उजेडात वाचा आणि एखादी लाल वस्तू दोन्ही डोळ्यांनी आळीपाळीने पाहा. एका डोळ्याला लाल फिकट वाटलं तर लगेच कळवा.

थुंकी दर एक-दोन महिन्यांनी तपासायची. बेडका येईनासा झाला तर ती चांगली खूण आहे, पण नमुना तरीही काढावा लागतो, गरज पडल्यास मिठाच्या वाफेने. सहा महिने नीट औषध घेऊनही मॅकची कल्चर पॉझिटिव्ह राहिली, तर आहे तेच पुढे रेटत बसू नये. क्लॅरिथ्रोमायसिन आणि अमिकासिनची संवेदनशीलता पुन्हा तपासावी आणि लायपोसोममधलं, म्हणजे चरबीच्या सूक्ष्म कणांत भरलेलं, अमिकासिन नेब्युलायझरने जोडण्याचा विचार व्हावा. २०२० च्या सूचनांत नेमक्या याच टप्प्यासाठी त्याची शिफारस आहे. रोग एकाच खंडापुरता असेल, तर तो भाग शस्त्रक्रियेने काढण्याबद्दल मतही इथेच घ्यावं.

औषधं संपल्यानंतरही पहिलं वर्ष थुंकी तपासत राहावं, आणि कफ काढण्याची शिस्त त्यापुढेही चालू ठेवावी. नंतर एखादं कल्चर पुन्हा पॉझिटिव्ह आलं, तर जुनाच जंतू उठला की भोवतालातून नवा आला, हे जनुकीय तुलनेने कळू शकतं. त्यासाठी आधीचा वाढवलेला जंतू लॅबने जपून ठेवलेला असावा लागतो, म्हणून तशी विनंती उपचार सुरू होतानाच लेखी करून ठेवा.